उकळीला न जुमानणारे विष

‘पुन्हा एक उकळी काढली की झाले,’ हे वाक्य आपल्या कट्ट्यात घरोघरी ऐकू येते. उकळीने बहुतेक जंतू मरतात, हे खरेच आहे. परंतु अन्नातून होणाऱ्या कित्येक विकारांत जंतू हा केवळ निमित्तमात्र असतो. अपाय होतो तो त्याने अन्नात सोडलेल्या विषाने. बँकेत कर्जदार दिवंगत झाला, तरी त्याच्या नावावरची बाकी पुस्तकात तशीच राहते. येथेही तसेच आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही आढळतो. बोटाला पिकलेली जखम असताना खवा मळला किंवा पेढे वळले, तर तो सहज अन्नात उतरतो. त्याचे विष अर्धा तास उकळले तरी पुरते नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. अन्नाला वास येत नाही, चवही बदललेली नसते. त्यामुळे दोष भलत्याच पदार्थावर जातो.

भाताचे प्रकरण तर आपल्या कोकणात अधिकच महत्त्वाचे. बॅसिलस सीरियस या जंतूची बीजे भात शिजवूनही जिवंत राहतात. पंगतीसाठी मोठ्या टोपात केलेला भात वरून निवला, तरी मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो, आणि तेथे ही बीजे अंकुरतात. या जंतूचे उलटी आणणारे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवले, तरी टिकते. प्रेशर कुकरही त्याच्यापुढे हतबल ठरतो.

अनुकूल उष्णतेत काही जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. चक्रवाढीचा हिशेब मांडून पाहावा : एकाचे तासाभरात ८, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४. शिळे न खाण्याचा नियम आपल्यापैकी अनेक घरे कटाक्षाने पाळतात, तो हितकारकच आहे. मात्र नियम रात्र मोजतो आणि जंतू तास मोजतो. सकाळी सातला रांधून दुपारी दोनला वाढलेले अन्न नियमाने ताजे असते, जंतूंच्या हिशेबात नव्हे. म्हणून भात पसरट परातींत काढून लवकर निववावा, नाहीतर वाढेपर्यंत वाफाळता ठेवावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजवरही फार विसंबू नये.

काही जंतू मात्र पोटात शिरल्यावर विष तयार करतात. पटकी त्यांतलीच. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच पटकीमागे विष असावे, असे अनुमान केले होते. ते सिद्ध व्हायला पाऊण शतक गेले. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी साचते, हे दाखवले. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. दोन्हीकडचे प्रयोग सशांवर झाले, हे वाचताना मन खिन्न होते. परंतु पानसे-कुलकर्णी ही नावे महाराष्ट्रातही फारशी कोणी घेत नाही, याचेही मला वाईट वाटते.

हे विष आतड्याच्या पेशींना मारत नाही. त्यांना पाणी आणि क्षार सतत बाहेर टाकायला लावते. तीव्र पटकीत तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. पेशी शाबूत असल्यामुळे साखरेसोबत मीठ शोषून घेण्याची त्यांची शक्ती मात्र कायम राहते. याच आधारावर १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.

हे पाणी घरी करता येते. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मिठाचे माप वाढवू नये. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटघोट पाजावे. लहान मूल वा वृद्ध माणूस निपचित पडला, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपाय सोडून ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि आदल्या दिवशी कोणते अन्न किती वाजता खाल्ले, ते डॉक्टरांना सांगावे.