पाचवीला पुजलेलं पाचवं चाक

भर पावसात, घाटाच्या ऐन मध्यावर गाडीचं चाक बसलं की आपल्याकडे शेजारच्या सीटवरून पहिला प्रश्न येतो, ‘स्टेपनी आहे ना?’ हा शब्द आपण इतका घोळवलाय की तो इंग्रजच असणार, याबद्दल कुणाला शंका नसते. इंग्रज आहेही. फक्त इंग्रजांनाच तो आता आठवत नाही! लंडनमध्ये एखाद्या गॅरेजवाल्याकडे स्टेपनी मागितली तर तो पूर्व लंडनमधल्या त्याच नावाच्या वस्तीचा रस्ता दाखवायचा.

शब्दाचं मूळ गाव वेल्समधलं लानेली. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या काळी मोटारी चार चाकांवर यायच्या, पाचवं चाक नाहीच. पंक्चर झालं की साहेबाने कोट काढायचा आणि रस्त्याकडेला बसून टायर उचकटायचा. डेव्हिस बंधूंनी 1904 साली त्यावर तोड काढली. आऱ्या नसलेली एक धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक न काढता ती त्याच्या बाजूला पकडींनी घट्ट बसवायची आणि निघायचं. हे ‘स्टेपनी चाक’ जगभर विकलं गेलं. पुढे अख्खं जादा चाकच गाडीसोबत यायला लागलं, मूळ वस्तू संपली, पण नाव आपल्याकडे चिकटून राहिलं.

आता त्याच ब्रिटनमध्ये काही हौशी माणसं आजही या पाचव्या चाकापायी रात्री जागवतात. ही मंडळी मोटार विकत घेत नाहीत, घरी बांधतात. घराला लागून एक मोटार मावेल एवढं गॅरेज, त्यात वेल्डिंगचं यंत्र, शनिवार-रविवार आणि बायकोचा संयम, एवढ्या भांडवलावर दोन-तीन वर्षांत दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उभी राहते.

या वेडाचं मूळ पुरुष म्हणजे कॉलिन चॅपमन. त्यांच्या लोटस कंपनीने 1957 साली ‘सेव्हन’ नावाची गाडी आणली. पाइपांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि जे लागत नाही ते काहीच नाही. दारंसुद्धा नाहीत! तयार गाडीवर तेव्हा खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून गाडी खोक्यांतून घरी यायची आणि गिऱ्हाइकाने ती जोडायची. जोडणीची माहिती सोबत दिली तर कर लागेल, अशी मेख होती. तेव्हा म्हणे चॅपमन यांनी गाडी ‘सुटी कशी करावी’ याची माहिती दिली. गिऱ्हाइकाने ती शेवटापासून वाचायची! 1973 साली करपद्धत बदलली आणि ही सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. हौस मात्र उरली. 1996 साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत अशी गाडी घरी कशी बांधावी, याचं पुस्तकच लिहिलं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल काढायचं आणि एक इंची चौकोनी पाइपांच्या सांगाड्यात बसवायचं. अडीचशेत खरोखर किती जणांचं भागलं, हा प्रश्न त्यांच्या बायकांना विचारावा.

गाडी उभी राहते, रंग लागतो आणि मग लक्षात येतं की स्टेपनीला जागाच नाही. डिकी नावापुरती, तिच्याखाली पेट्रोलची टाकी. उरते ती गाडीची पाठ. तिच्यावर कंस लावायचा आणि चाक टांगायचं. ऐकायला अर्ध्या दिवसाचं काम!

घोळ इथेच होतो. पाठीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. टायरसकट तेरा इंची लोखंडी चाक पंधरा किलोच्या आसपास भरतं. उभ्या गाडीत पत्रा तेवढं पेलल्यासारखं दाखवतो. पण चाक पत्र्याला टेकून नसतं, वीतभर मागे लोंबत असतं. गाडी खड्ड्यात आपटली आणि क्षणभर तिप्पट भार आला तर ते पंधरा किलो पंचेचाळीस होतात, आणि तरफेसारखे वरचे बोल्ट उपटू पाहतात, खालच्या बाजूने पत्रा आत ढकलतात. एकदा झालं तर काही नाही. रोज हजारदा झालं की बोल्टाच्या भोकापासून केसासारखी चीर निघते. ती रंगाखाली लपते, वाढते आणि एके दिवशी चाक कंसासकट हायवेवर! मागून मोटरसायलवाला येत असेल तर काय, याचा विचार भोक पाडण्याआधी करायचा असतो.

जाणता कारागीर म्हणून पत्र्यावर भरवसा ठेवत नाही. भार सांगाड्याच्या पाइपांवर गेला पाहिजे. पण चौकोनी पाइपाला नुसतं आरपार भोक पाडून बोल्ट आवळला की पाइप चेपतो. त्यासाठी भोकात जाड नळीचा तुकडा घालून तो दोन्ही तोंडांशी वेल्ड करतात आणि बोल्ट त्यातून नेतात. बोल्ट शक्य तितके एकमेकांपासून लांब हवेत, नट थरथरीने न सुटणारे, नायलॉनची कडी असलेले. कंसाच्या तबकडीवर एस्कॉर्टच्या हबासारखेच चार बोल्ट 108 मिलिमीटरच्या वर्तुळावर बसवले की चाक नेहमीच्या नटांनी आवळता येतं. वेगळा पान्हा नको.

आणि टाकी? ड्रिल मारायचं किंवा वेल्डिंग करायचं ते टाकी काढून, दूर नेऊनच. रिकामी टाकी तर भरलेल्या टाकीहून दगाबाज, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. ‘दोनच टाके मारायचेत, कशाला टाकी काढा’ असं म्हणणाऱ्याला गॅरेजमध्ये उभं करू नये.

वजनाचाही हिशेब आहे. चाक मागच्या ॲक्सलच्या ऐंशी सेंटिमीटर मागे आणि दोन ॲक्सलमधलं अंतर सव्वादोन मीटर धरलं, तर पंधरा किलोच्या चाकाने मागे वीस किलो वाढतात आणि पुढचे पाच उचलले जातात. पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत हे पाच किलो वळणावर जाणवतात, असं जाणकार सांगतात. पुष्कळ जण म्हणूनच चाक घरी ठेवून पंक्चर बुजवायच्या फेसाचा डबा नेतात. खिळा टोचला तर डबा पुरतो. टायरची कूस फाटली तर मात्र त्याचा उपयोग शून्य.

एवढं झाल्यावर सरकारी परीक्षा. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी तपासली जाते. 2009 सालापासून या परीक्षेला आयव्हीए म्हणतात. परीक्षक बोट फिरवून पाहतो, बाहेरच्या कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येच्या गोल हव्यात. कंसाचे कोपरे कानशीने घासले नसतील, नंबरप्लेट किंवा मागचे दिवे चाकाने झाकले असतील, तर गाडी घरी परत.

आपल्याकडे अशी हौस करणाऱ्याची गाठ आरटीओशी पडते. कंपनीच्या मूळ नमुन्यात फरक पडेल असे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2019 साली स्पष्ट केलंय. स्टेपनीचा हट्ट मात्र आपल्या सरकारनेच सैल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य असेल तर लहान गाड्यांना पाचवं चाक नसलं तरी चालेल, असा नियम 2020 साली आला.

इकडे ब्रिटनमधल्या गॅरेजात कंस बसलेला असतो. पहिल्या चाळीस-पन्नास मैलांनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे, वेल्डिंगभोवती बोट फिरवून चीर पाहायची. तेही झालं. आता जॅक ठेवायचा कुठे? गाडी इतकी बुटकी की टायर बसल्यावर साधा जॅक खाली शिरत नाही, म्हणून चपटा आणला. तो जातो शेजारच्या सीटमागे. आणि तिथली डब्यांची पिशवी बायकोच्या मांडीवर.