मुरलेली वाइन आणि हृदयाची सबब

जर्मनीतील मोझेलचे खोरे सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील थंडीत रीसलिंग द्राक्षे सावकाश पिकतात व त्यांतील आम्लता टिकून राहते. तिच्या आणि उरलेल्या साखरेच्या बळावर अवघी ८-९ टक्के मद्यार्काची वाइनही वीस-तीस वर्षे मुरते. जुन्या बाटलीचा पहिला दर्प चक्क रॉकेलचा! कॅरोटिनॉइडांपासून होणाऱ्या टीडीएन या संयुगाची ही करामत मला प्रिय आहे. मागोमाग मध, सुके जर्दाळू आणि जिभेवर लिंबाची धार.

‘हृदयासाठी घोटभर’ ही काही व्यवसायबंधूंची सबब मात्र मला अमान्य आहे. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. चवीसाठी घेतो, असे आपण सरळ म्हणावे. रुग्णाला ती औषध म्हणून सुचवू नये.