गॅरेजची वही आणि उद्योजकतेची पदवी

बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी वडाळ्याहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामू, बी.कॉम. करू की बीबीए? आणि उद्योजकता हा मुख्य विषय घेतला तर चालेल का?" मागून दुल्हेभाईंचा आवाज ऐकू येत होता, "धंदा शिकायला कुणी कॉलेजात जातं का? मला विचार म्हणावं, फुकटात सांगतो." द्वारकेजवळ त्यांचं दुचाकींचं गॅरेज आहे. बावीस वर्षं चालू आहे आणि शाळा त्यांनी आठवीत सोडली. तेव्हा त्यांचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येईना.

हा प्रश्न या महिन्यात आपल्या अनेक घरांत विचारला जातोय. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा आहे. मुस्लिम कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते. हिंदू कामगारांत हेच प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे मालक असणं, स्वतःच्या हिमतीवर पोट भरणं आपल्याला नवं नाही. भद्रकालीतून दूध बाजाराकडे चालत गेलात तरी दिसेल. मग जे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय, त्याची पदवी घेऊन काय साधणार?

आधी कॉलेजात काय मिळतं ते सांगतो. नाशिकची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे बी.कॉम.च्या जुन्या रचनेत दुसऱ्या वर्षापासून 'बिझनेस आंत्रप्रेन्युअरशिप' हा विशेष विषय घेता येत असे. कॉस्टिंग, बँकिंग, मार्केटिंग यांच्या रांगेत तो एक पर्याय होता. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर आणि मायनर अशी विभागणी आली आहे, सोबत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आणि फील्ड प्रोजेक्ट यांनाही श्रेयांक आहेत. बीबीएचं गणित वेगळं आहे. २०२४-२५ पासून तो एआयसीटीईच्या कक्षेत गेला आणि महाराष्ट्रात त्याला सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी हे कित्येकांना कळलंच नाही, शेवटी परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना असल्या गोष्टी फॉर्मची तारीख उलटल्यावर कळतात. म्हणून अकरावीतल्या भावंडाला आत्ताच सांगून ठेवा.

आता दुल्हेभाईंचा मुद्दा. उद्योजकता शिकवता येते का? हार्वर्डमध्ये १९४७ साली माइल्स मेस यांनी युद्धावरून परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी यावरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो आपल्या देशातला प्रयोग. १९६४ च्या सुमारास डेव्हिड मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञाने आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. ध्येय कसं ठरवायचं, जोखीम कशी तोलायची, असं. पुढे पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेले लोक इतरांपेक्षा जास्त हालचाल करताना दिसले. कुणी धंदा वाढवला, कुणी नवा काढला. शिकवता येतं असं म्हणणारे या प्रयोगाचा दाखला देतात. पण त्यातली एक गोष्ट निसटते. ते सगळे आधीपासून धंद्यातच होते. कोऱ्या पाटीवर काही लिहिलं नव्हतं.

माझं मत इथेच ठरतं. ज्या मुलाच्या हातात अजून कुठलंच काम नाही, घरात दुकान नाही, त्याने तीन वर्षं फक्त उद्योजकता शिकू नये. त्याने आधी कसब शिकावं: अकाउंट्स, कोडिंग, फूड टेक्नॉलॉजी, शिवणकाम, सीएनसी मशीन, काहीही. उद्योजकता मायनर म्हणून घ्यावी. उलट ज्याच्या घरात गॅरेज, बेकरी, भंगाराचं गोदाम किंवा टेलरिंगचं दुकान आहे, त्याने ती मेजर म्हणून बिनधास्त घ्यावी. त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे. वर्गात रोख प्रवाह शिकवला की संध्याकाळी गल्ल्यावर तो तपासता येतो.

आपल्याला धंदा येतो, हे अर्धंच खरं आहे. मालेगावला जा. यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते, लूमवाला स्वतःला मालक म्हणवतो. पण अनेकांच्या बाबतीत सूत व्यापाऱ्याचं असतं, कापडही त्याच्याकडेच जातं, आणि मालकाला मिळते ती विणाईची मजुरी. कोरं कापड रंगाई-छपाईसाठी बाहेर जातं आणि खरी किंमत तिथून पुढे वाढते. चार लूमचा मालक असूनही आपण बाजारापर्यंत पोहोचत नाही. मेहनत आणि धाडस यांत आपण कमी नाही. आपला माल शेवटी कोण, कितीला विकत घेतं, हे आपल्याला माहीत नसतं. बायकांच्या घरकामात तर हे आणखी ठळक आहे. घरी बसून शिवलेल्या कपड्याची किंमत ठेकेदार सांगतो तीच. हे कोडं सोडवायला पुस्तक आणि आकडेमोड लागते, नुसता अनुभव पुरत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. इंजिनिअरिंगनंतर काही वर्षांनी आम्ही तिघा मित्रांनी गॅरेजवाल्यांसाठी एक ॲप बनवलं. कोड चांगला होता, अजूनही अभिमान आहे. पण भागीदारीचा करार लिहिला नाही. 'यारी-दोस्तीत कागद कशाला' असं मीच म्हणालो होतो. दीड वर्षात पैसे संपले आणि एका मित्राशी बोलणंही संपलं. कुराणात उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असं स्पष्ट सांगितलंय, सूरह बकरहमध्ये. लहानपणी पाठ केलेलं, धंद्यात आठवलं नाही. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये करार, कर किंवा किंमत ठरवणं यावर मी किती तास घालवले ते आठवून पाहिलं. फारसे नाहीत.

आणि एक विषय आपण टाळतो तो कर्जाचा. पीएमईजीपी योजनेत अल्पसंख्याकांना विशेष गटात धरलं आहे. स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. बाकीचं बँकेचं कर्ज, म्हणजे व्याज. आपल्यातले काही जण व्याज नको म्हणून लांब राहतात, त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण तेच घर अडचणीच्या वेळी खासगी सावकाराकडून महिन्याला शेकडा तीन-चारने पैसे उचलतं, तेव्हा गप्प का बसतो? ज्याला व्याज नको त्याने नफा-तोट्यातली भागीदारी करावी, आपल्या परंपरेत तिला मुदारबत, मुशारकत अशी नावंही आहेत. पण तिला तर चोख हिशेब आणखीच लागतो. ज्याच्याकडे ताळेबंद नाही त्याच्या नफ्यात कोण वाटेकरी होणार? बँक असो की भागीदार, दोघंही वहीच मागतात.

उद्यम नोंदणी फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते. तरी आपल्या किती दुकानांत ते प्रमाणपत्र आहे? नोंदणी केली की कर मागे लागतो, ही भीती. सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे पहिल्याच वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं. तो घरी येऊन सांगेल तेव्हा अब्बूंची भीती जाईल. निदान कमी होईल.

भाचीला मी बी.कॉम. सुचवलं, मेजर कॉमर्स आणि मायनर उद्योजकता मिळते का ते कॉलेजात विचारायला सांगितलं. बीबीए तिने स्वतःच बाजूला ठेवलं, फी जास्त होती. दुल्हेभाई तयार नव्हते. मग तिने त्यांच्याकडे उधारीची वही मागितली, लाल पुठ्ठ्याची, तेल लागलेली. चार रात्री बसून तिने ती एक्सेलमध्ये उतरवली. एकूण येणं निघालं १ लाख ३८ हजार. त्यातले जवळपास निम्मे फक्त सहा गिऱ्हाइकांकडे होते, आणि सहापैकी दोघं दर आठवड्याला गाडी घेऊन येतात, चहा पिऊन जातात.

दुल्हेभाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, "कॉलेजचा फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"