जुनें यंत्र आणि नवा रंग

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण सर्वच जण बोलतों. परंतु जुनी वस्तु हातीं आली कीं प्रथम तिला नवी करावयास धांवतों, ही आमच्या मतें मोठीच विसंगति आहे. तिचा धडा आम्हां तिघां मावसभावांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आजोळीं मिळाला. तो आपल्या शाळाबंधूंपुढें ठेवावा, एवढ्याच हेतूनें हा लेखनप्रपंच.

आजोळच्या घराच्या पडवींत, गोवऱ्यांच्या राशीआड, एक फटफटी चाळीस वर्षें उभी होती. आमचे पणजोबा डॉक्टर होते. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्करानें काढून टाकलेल्या गाड्यांपैकीं ही एक त्यांनीं विकत घेतली, आणि तिच्यावर बसून खेडोपाडींचे रोगी तपासले. गाडीचें कूळहि थोर. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें १८६१ सालीं बंदुका घडविण्यासाठीं निघालेल्या बी. एस. ए. कंपनीची ही ‘एम २०’. सिलिंडर एकच, ४९६ घनसेंटिमीटरचा. वेग बेताचा, पण अंग दणकट. युद्धकाळांत या जातीच्या सुमारें सव्वा लाख गाड्या तयार झाल्या.

गाडी पडवीबाहेर येतांच किक मारून पाहावी, असें आमच्या मनांत आलें. परंतु तालुक्याच्या गांवाहून आलेल्या वृद्ध मिस्त्रींनीं आम्हांस अडविलें. ‘‘पोरांनो, पिस्टन आंत गंजून चिकटला असेल. जोर कराल तर मोडाल,’’ असें म्हणून त्यांनीं प्लग काढला, त्या छिद्रांतून घासलेट व तेल ओतलें, आणि आठ दिवस गाडीस हात लावूं दिला नाहीं. नवव्या दिवशीं गाडी गिअरमध्यें घालून मागील चाक हातानेंच हळूहळू पुढेंमागें केलें, तेव्हां पिस्टन सुटला. धीर हेंहि एक हत्यार आहे, हें तेव्हां समजलें.

दुसरा धडा पान्यांचा. आमच्या घरचे पाने मिलिमीटरच्या मापाचे. गाडीचे नट-बोल्ट मात्र जुन्या इंग्रजी मापांचे. कित्येकांस तर जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं सुचविलेलें प्रमाण लागू होतें. त्या आंट्यांचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिक आंट्यांचा ६० अंशांचा. आपला पाना जवळजवळ बसतो, आणि हें ‘जवळजवळ’च घात करतें, कारण नटाचे कोपरे झिजून तो पुन्हा कोणत्याच पान्यास दाद देत नाहीं. मिस्त्रींनीं आपल्या जुन्या पेटींतून योग्य पाने काढले. मॅग्नेटोची गुंडाळी निकामी झाली होती, ती त्यांनीं नव्यानें करवून आणली. कार्ब्युरेटरांत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर सांचला होता, तो आम्हीं साफ केला.

येथवर सर्व ठीक झालें. पण एके दुपारीं मिस्त्री घरीं गेले असतां आम्हीं पॉलिश-कागद घेऊन टाकी घासावयास आरंभ केला. पणजोबांनीं दिलेला काळा रंग गेला. खालीं लष्करी हिरवा रंग दिसूं लागला. चकचकीत टाकीचें स्वप्न पाहत आम्ही घासतच राहिलों. तेवढ्यांत एकाचें लक्ष गेलें कीं हिरव्या रंगावर पांढरे आंकडे आहेत! तो गाडीचा लष्करी क्रमांक होता. आम्ही थांबलों तेव्हां शेवटचे दोन आंकडे तेवढे उरले होते. पणजोबांच्या आधीं ही गाडी कोणाकडे होती, हें शोधण्याची एक वाट आम्हीं स्वहस्तें पुसून टाकली. आजोबांनीं तें पाहिलें. एक शब्दहि बोलले नाहींत. तें मौन आम्हांस छडीपेक्षां जड गेलें.

कोणी म्हणेल, ‘दोन आंकड्यांसाठीं एवढा शोक कशास? चकचकीत गाडीसच चार लोक मान देतात, किंमतहि तिलाच अधिक येते.’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. गंज वाढूं देणें म्हणजे जतन करणें नव्हे. परंतु रंग केव्हांहि देतां येतो. गेलेली खूण पुन्हा आणतां येत नाहीं. बी. एस. ए. चा जुना कारखाना १९७० च्या दशकांत बंद पडला. पुढें २०१६ सालीं तें नांव भारतांतील महिंद्र समूहाच्या एका कंपनीनें विकत घेतलें. नांव विकत मिळतें. पण एका विशिष्ट गाडीनें भोगलेलीं वर्षें कोणत्याहि बाजारांत मिळत नाहींत.

म्हणून आम्हीं पुढें एक नियम पाळला. जेथें जीव अवलंबून आहे तेथें नवें. जेथें स्मृति अवलंबून आहे तेथें जुनेंच. टायर, ब्रेकचे पट्टे व केबली नव्या घातल्या. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें व तें जुन्या रबरास मानवत नाहीं, म्हणून पेट्रोलची नळीहि बदलली. मडगार्डावरील पोंचे, पणजोबांच्या बुटानें झिजलेली किक आणि टाकीवरील ते दोन आंकडे मात्र जसेच्या तसे राखले.

सुटी संपण्याच्या आदल्या सायंकाळीं, कित्येक वेळां किक फुकट गेल्यावर, फटफटी एकदम बोलूं लागली. आजोबा ओसरीवर डोळे मिटून ऐकत होते. ‘‘ओढ्याच्या वळणावर असाच आवाज यायचा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आई चुलीवर चहाचें आधण ठेवायची.’’ टाकी चकचकीत आहे कीं नाहीं, हें त्यांनीं डोळे उघडून पाहिलेंहि नाहीं.

शाळाबंधूंनो, आपल्याहि घरीं एखादें बंद घड्याळ, शिवणयंत्र अथवा बाजाची पेटी अडगळींत पडली असेल. ती अवश्य दुरुस्त करा; पण पॉलिश-कागद हातीं घेण्यापूर्वीं ती वस्तु एकवार नीट निरखून पाहा. आम्हीं तें केलें नाहीं, म्हणूनच हें सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.