गाडीसाठी शेड टाकता? टिनाचा भाव नंतर विचारा, जागा आधी मोजा

आपल्या अमरावती-अकोल्याच्या खेड्यात बैलबंडीच्या जागी आता ट्रॅक्टर नाहीतर चारचाकी उभी राहते. उन्हाळ्यात सीटला हात लावायची सोय नसते. मग दारासमोर चार लोखंडी पाइप रोवायचे अन् वर टिन टाकायचं. कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं, "माह्या घरासमोर माही गाडी, कोनाले इचाराचं?"

विचारावं लागते. शेड टिनाचं आहे म्हणून कायद्यातून सुटका नाही. पाइप कोणाच्या जागेत रोवला, यावर सारं ठरते.

जागा स्वतःची असेल तर

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ नुसार गावात बांधकामाला परवानगी लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलेल्या सवलतीनुसार ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना विभागाकडे जायची गरज नाही. १६०० चौरस फुटांपर्यंत मालकीचे कागद, नकाशा अन् परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं. त्यापुढे ३२०० पर्यंत ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायचा. म्हणजे हेलपाटे कमी झाले, कागद मात्र सुटला नाही.

पाइप रस्त्यावर असेल तर

नालीच्या पलीकडे पाइप गेला की ते अतिक्रमण. कलम ५३ नुसार ग्रामपंचायत ते काढू शकते. खरा फटका निवडणुकीत बसतो. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलं तर कलम १४ नुसार सदस्यपद जाते. अतिक्रमण सासऱ्यानं केलं, नवऱ्यानं केलं, पण सदस्य त्याच जागेचा वापर करत असेल तरी अपात्र, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. गावात अतिक्रमण चार वर्षं कोणाला दिसत नाही, पाचव्या वर्षी बरोबर दिसते. बापानं टाकलेल्या टिनापायी सुनेचं पद जाऊ शकते.

वावरात असेल तर

जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये 'शेतघर' या व्याख्येत अवजारं, चारा, शेतमाल ठेवायची जागा अन् जनावरांचा कोठा येतो. त्यामुळं वावरातलं ट्रॅक्टर-अवजारांचं शेड शेतीचाच भाग. तिथंच भाड्याच्या गाड्या उभ्या केल्या, गॅरेज टाकलं, तर वापर अकृषक होतो अन् दंडाची नोटीस येऊ शकते. काही भागांत शेतघरालाही आकाराची मर्यादा आहे, म्हणून तहसीलमध्ये आधी विचारा. वावर हायवेला किंवा डांबरी रोडला लागून असेल तर रोडपासूनच्या अंतराचा नियम वेगळा. तो त्या रोडच्या खात्याकडून लेखी घ्या.

नमुना ८ वर भरवसा ठेवू नका

"टॅक्स भरतो, नमुना ८ ला नोंद आहे," असं बरेच जण सांगतात. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. तिनं मालकी सिद्ध होत नाही अन् बांधकामाची परवानगीही मिळत नाही. आता तर २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजून मालमत्ता पत्रक देतात. कालपर्यंत अंदाजानं चालणारी हद्द नकाशावर रेषेनं दिसते. शेड रेषेबाहेर असेल तर शेजाऱ्याच्या हाती आयता कागद येतो.

म्हणून पाइप रोवायच्या आधी मालमत्ता पत्रकावरची हद्द पाहा, अर्ज दोन प्रतींत द्या अन् एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी "टाका ना भाऊ, काही होत नाही" हे कोणत्याच सुनावणीत चालत नाही.

चूक फक्त गावकऱ्यांची नाही. कोणते कागद लागतात, शुल्क किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेलं किती गावांत दिसते? पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा अन् ठरावात घ्या. नियम फळ्यावर असला तर तो साऱ्यांना सारखा लागतो, अन् तक्रारीची धमकी देणाऱ्याचं कामही संपते.