संशय कोणाचा?

इंग्रजीतील ‘ड्यूबियस’ या विशेषणाचा अर्धाच अर्थ मराठी समीक्षेने स्वीकारला आहे. त्या भाषेत संशय घेणारी व्यक्तीही ‘ड्यूबियस’ आणि जिच्याविषयी संशय घ्यावा ती वस्तूही ‘ड्यूबियस’. मराठीने हे दोन पक्ष वेगळे राखले आहेत : ज्याच्या मनात शंका तो ‘साशंक’, जे शंकेचा विषय ते ‘संशयास्पद’. असे असताना समीक्षालेखनात या विशेषणासाठी सरसकट ‘संशयास्पद’ योजण्याची प्रवृत्ती दिसते. ही केवळ अनुवादातील ढिलाई नव्हे. तिच्यामुळे समीक्षकाची अनिश्चिती हा संहितेचा दोष ठरतो आणि पुरावा देण्याचे दायित्व समीक्षकाकडून संहितेकडे सरकते.

‘आस्पद’ म्हणजे स्थान. तेव्हा ‘संशयास्पद’ हा शब्द मुळात तटस्थच, असा बचाव केला जाईल. तो व्युत्पत्तीपुरता खरा आहे. परंतु ‘संशयास्पद मृत्यू’, ‘संशयास्पद हालचाली’ वाचणाऱ्या वाचकाला त्या शब्दात आरोपच ऐकू येतो. शब्दाचा अर्थ व्यवहारात ठरतो, व्युत्पत्तिकोशात नव्हे.

हा विवेक आपल्याकडे अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, वि. सी. सुखटणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, ज्या पाठाविषयी संपादकाची पुरती खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. जो मजकूर मुळातला नाही असा निर्णय झाला, तो तळटीपांत वा परिशिष्टांत गेला. शंका आणि निर्णय यांच्या जागा अशा वेगळ्या राहिल्या. शिवाय पाठभेद तेथेच छापल्यामुळे वाचकाला संपादकालाही तपासता येते. नागमोडी रेघ संपादकाचे मन उघड करते. पाठाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही.

समीक्षकाकडून अपेक्षा एवढीच आहे. पुरावा असेल तर त्याने ‘प्रक्षिप्त’ किंवा ‘बनावट’ असे निःसंदिग्धपणे म्हणावे. नसेल तर आपण साशंक आहोत असे म्हणून कारणे द्यावीत. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशयाला तिसरे स्थान आहे, ते निर्णयाकडे नेणारा म्हणून. अंधुक प्रकाशात समोर खांब आहे की माणूस, हा संशय पाहणाऱ्याचा असतो. त्याबद्दल खांबाला जबाबदार धरणे ही समीक्षा नव्हे.