चिलर बदला, रिंक राखा

कॅनडातल्या आपल्या शहराचा जुना आइस रिंक दुरुस्त करायचा की पाडून नवा बांधायचा, याचा निर्णय नगर परिषद लवकरच घेणार आहे. आपल्या मराठी मंडळात यावर दोन तट पडलेत. एक म्हणतो, "पन्नास वर्षांची इमारत, आणखी किती ठिगळं लावणार?" दुसरा म्हणतो, "कर शेवटी आपल्याच खिशातून जाणार, चाललंय ते चालू द्या." मला दोन्ही पटत नाहीत. इमारतीचं वय विचारून काही कळत नाही. तिचा नेमका कोणता भाग थकलाय, ते विचारायला हवं.

कॅनडातले बरेच सार्वजनिक रिंक देशाच्या 1967 च्या शताब्दी वर्षाच्या आगेमागे उभे राहिले, त्यामुळे आता ते एकदमच उतारवयाला लागलेत. रिंकमध्ये काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं. त्यातून गार केलेलं खारं पाणी फिरतं आणि वर इंच-दीड इंच बर्फ धरतो. ते पाणी गार करतो चिलर, बहुधा अमोनियावर चालणारा. चिलर काही दशकांत निकामी होतो. नीट राखलेला सांगाडा त्याहून कितीतरी जास्त टिकतो. आमच्या गावाकडे, धावड्याला, विहिरीवरची मोटार जळली तर ती भरून आणतात, विहीर बुजवत नाहीत. मात्र विहीरच ढासळायला लागली असेल, तर नवी मोटार बसवून उपयोग नाही.

रिंकच्या बाबतीत ही ढासळ दोन जागी बघायची. एक, छप्पर. आतल्या दमटपणाने ते हळूहळू पोखरलं जातं. जर्मनीतल्या बाड राइशेनहाल इथे 2 जानेवारी 2006 रोजी बर्फाच्या भाराखाली रिंकचं छप्पर कोसळलं आणि 15 जण गेले, त्यात बहुतेक मुलं. लाकडी तुळयांचे चिकटवलेले जोड ओलाव्याने कमकुवत झाले होते. दुसरी जागा लादीखालची जमीन. वर्षानुवर्षं गारठून ती गोठली की फुगते आणि लादी उचलते. यांपैकी काही हाताबाहेर गेलं असेल, तर नव्या इमारतीच्या बाजूने पहिला हात माझा वर असेल.

तसं नसेल, तर चिलर आधी बदला. ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीच्या रिंकमध्ये जुन्या चिलरची गळती आधीच लक्षात आली होती. तरी हंगामासाठी तोच पुन्हा सुरू केला. 17 ऑक्टोबर 2017 रोजी अमोनियाने तीन कामगारांचा जीव घेतला. आपल्याकडे महाराष्ट्रातही हेच घडलेलं आहे. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. 2 जुलै 2019 च्या रात्री धरण फुटलं आणि घरं वाहून गेली. त्याच महिन्यात आमच्या भोकरदन तालुक्यातल्या शेलूदच्या धामणा धरणालाही गळती लागल्याची बातमी आली, तेव्हा खालच्या गावांच्या उरात धडकी भरली. दुरुस्ती की बदल, हा वाद चालू असताना गळती थांबून राहत नाही.

नव्या इमारतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे हलके नाहीत. व्हीलचेअरसाठी उतार हवेत, हॉकी खेळणाऱ्या मुलींना वेगळ्या खोल्या हव्यात, विजेचं बिल कमी यायला हवं. यातलं पुष्कळसं जुन्या सांगाड्यातही टप्प्याटप्प्याने करता येतं. शिवाय नवेपणाने रिंक टिकत नाही. देहरादूनचा रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला होता, नवाकोरा. चालवण्याचा खर्च पेलेना, म्हणून तो दशकाहून अधिक काळ बंद पडून राहिला आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला.

आपण आपल्या रिंकच्या हॉलमध्ये गणपती बसवतो, आपली मुलं तिथे स्केटिंग शिकतात, पण नगर परिषदेच्या जनसुनावणीला आपल्यातलं कुणी दिसत नाही. या वेळी नावं नोंदवू या आणि तीन गोष्टी मागू या: छप्पर, जमीन आणि यंत्रणा यांचा अभियंत्यांनी केलेला वेगवेगळा अहवाल जाहीर करा, सांगाडा धड असेल तर येत्या उन्हाळ्यातच चिलर बदला, आणि देखभालीसाठी दरवर्षी वेगळा निधी बाजूला काढा. अहवाल नव्या इमारतीच्या बाजूने आला तर तेही मान्य करू. "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर मात्र ऐकून घ्यायचं नाही.